स्वखुशीचं पत्र

१

ज्या माणसाने ते पत्र लिहिलं असं सरकारदरबारी नोंदलेलं होतं, त्याला उजवा हातच नव्हता.

ही गोष्ट सगळ्यात आधी लक्षात आली ती वकीलबाईंच्या. सरहद्दीवरच्या चौकीला दोन फाटकं होती. एक आपलं, एक पलीकडच्यांचं. मधे दीडशे पावलांची डांबरी पट्टी आणि पट्टीच्या कडेला एक पत्र्याची खोली. पूर्वी तिथे ट्रकवाल्यांचे कागद तपासायचे. गेले सव्वीस दिवस तिथे एक माणूस राहत होता. पलीकडच्यांनी त्याला बाहेर काढलं होतं आणि आपल्यांनी आत घेतलं नव्हतं. आपल्याच फौजेवर बंदूक चालवणाऱ्या टोळीत तो सामील झाला, म्हणून पाच वर्षांपूर्वी त्याचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं होतं. तेव्हा पुराव्यादाखल एक धूसर फोटो होता आणि कर्णोपकर्णी आलेल्या बातम्या होत्या. तेवढ्यावर आदेश टिकला नसता. टिकला तो त्याच्याच पत्रामुळे. नोटिशीला उत्तर म्हणून त्याने लिहिलं होतं की मी स्वखुशीने शस्त्र उचललं आहे, या देशाशी माझा संबंध उरलेला नाही, माझं नाव कमी करावं.

वकीलबाई तरुण होत्या, लवादाने नेमून दिलेल्या. वकीलपत्रावर सही घ्यायला त्या खोलीत गेल्या, तर त्याने शाईचं पॅड मागितलं आणि डावा अंगठा पुढे केला. उजवी बाही मनगटाशी दुमडून पिनेने टाचलेली होती. कधी झालं, असं त्यांनी विचारलं. त्याने उशीखालून रुग्णालयाचा घडी घालून घालून फाटत आलेला कागद काढून दिला.

परतीच्या बसमध्ये वकीलबाईंनी बोटांवर महिने मोजले, मग पुन्हा मोजले. हात कापला त्यानंतर सात महिन्यांनी ते पत्र लिहिलेलं होतं. दोन पानं, उजव्या हाताच्या वळणदार अक्षरात.

त्या घरी गेल्याच नाहीत. पत्र खरं आहे असं ज्याने लिहून दिलं होतं, त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

२

कचेरीत त्यांना सगळे भिंगवाले म्हणायचे. एकतीस वर्षं हस्ताक्षर तपासण्यात गेली होती. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी खिडकीजवळचं टेबल तसंच होतं. त्यावर भिंग, वाकवता येणारा दिवा आणि स्वच्छ टीपकागद, इतकंच. बायको म्हणायची, नवऱ्याला चष्म्याशिवाय माझा चेहरा दिसत नाही, पण माझ्या यादीतला विसरलेला अनुस्वार दिसतो.

वकीलबाईंनी हकिगत सांगितली. प्रकरण आठवतं का, असं विचारलं. भिंगवाले म्हणाले, इतकी प्रकरणं आली, कुठवर लक्षात ठेवणार. हे खोटं होतं. प्रकरण त्यांना लख्ख आठवत होतं.

हात जाण्याआधीच पत्र लिहून ठेवलं असेल आणि तारीख पुढची टाकली असेल, असं त्यांनी सुचवलं. वकीलबाईंनी मान हलवली. पत्रात नोटिशीचा क्रमांक होता आणि नोटीस निघाली होती पत्राच्या तीन आठवडे आधी. हात त्याच्याही कितीतरी आधी गेला होता.

"काका, तुमचा अहवाल एका वाक्याचा आहे," वकीलबाई म्हणाल्या. "पत्र आणि नमुन्याची वही, दोन्ही लेखन एकाच व्यक्तीचं. ते वाक्य चुकलंय, एवढं लिहून द्या. नऊ दिवसांनी लवादापुढे सुनावणी आहे."

भिंगवाल्यांनी आदेशाची प्रत दोनदा वाचली. मग दिवा लावला आणि विझवला.

"ते वाक्य चुकलेलं नाही," ते म्हणाले. "ती दोन्ही अक्षरं एकाच हाताची आहेत. आजही छातीवर हात ठेवून सांगेन."

३

दुसऱ्या दिवशी लवादाच्या कचेरीत मूळ कागद त्यांच्यासमोर आले. पत्र त्यांनी उजेडात धरलं, तिरपं धरलं, पाठीमागून बोट फिरवलं. दुसऱ्याच्या अक्षराची नक्कल करणारा माणूस थबकतो. रेघ कापते, पेन मधेच उचललं जातं, दाब सगळीकडे सारखा पडतो. इथे तसलं काही नव्हतं. ज्याने लिहिलं तो झरझर, आपल्या अंगच्या सवयीने लिहीत गेला होता. वेलांटी प्रत्येक ठिकाणी ओळीच्या वर उडी मारून किंचित मागे वळत होती आणि 'र' आपला पाय ओढत चालत होता.

मग त्यांनी नमुन्याची वही काढली. नववीची विज्ञानाची वही, पोलिसांनी घरून आणलेली. कव्हरवर विद्यार्थ्याचं नाव आणि इयत्ता. भिंगवाल्यांची नजर कव्हरवर थांबली. त्यांनी ते चटकन उलटलं आणि आतली पानं पाहायला लागले. तीच वेलांटी, तोच ओढलेला पाय.

त्या संध्याकाळी भिंगवाले त्या माणसाच्या घरी गेले. घर एका जुन्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. आता तिथे त्या माणसाची थोरली बहीण, तिचा नवरा आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी राहत होती. बहीण शाळेत शिक्षिका. अख्खी वसाहत तिला ताई म्हणायची आणि पळून गेलेल्या भावाला धाकटा. नवरा वीज मंडळात मीटर तपासायच्या कामावर.

नवऱ्याने दार उघडलं, पण पुरतं नाही. तो म्हणाला की पाच वर्षांत या घरी पाहुणा म्हणून कोणी आलेलं नाही, जो आला तो चौकशीलाच आला. मेहुण्यामुळे त्याची बढती दोनदा हुकली होती, सोसायटीच्या बैठकीत शेजारची खुर्ची रिकामी राहत होती. शेवटी आत घेऊन त्याने आपण होऊनच सांगून टाकलं, "ते पत्र मी लिहिलं असतं तर मला आनंदच झाला असता. पण माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

ताई जेवणाच्या टेबलाशी वह्या तपासत बसली होती. पुढ्यात चाळीसेक वह्यांचा ढीग, हातात लाल पेन. ती फार बोलली नाही. भाऊ शेवटचा कधी दिसला, कोणाबरोबर असायचा, याची उत्तरं तिने एकेका शब्दात दिली. फाटकापाशी जाऊन त्याला भेटलात का, असं विचारल्यावर तिने पुढची वही उघडली आणि बरोबरची खूण केली. धाकट्याचा जिवाभावाचा मित्र एकच, पाट्या रंगवणारा पेंटर, एवढं मात्र सांगितलं. भिंगवाल्यांनी त्याचा पत्ता मागितला.

पेन तिच्याच हातात होतं. तिने ते वहीत ठेवलं, वही मिटली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही लिहून द्या यांना."

नवऱ्याने लिहून दिलं. खरोखरच कोंबडीचे पाय होते.

जिना उतरताना भिंगवाल्यांचा एक पाय पायरीवर अधांतरी राहिला. लिहिण्यावर पोट भरणाऱ्या बाईने चार ओळींचा पत्ता का लिहू नये?

४

पेंटरचं दुकान म्हणजे एक लांबोळकी खोली. भिंतीला टेकवलेल्या पाट्या. दवाखान्याची, शिलाई दुकानाची, 'येथे वाहने लावू नयेत' अशा चार. प्रत्येकीचं वळण वेगळं. हा माणूस कुठलंही अक्षर काढू शकतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. शिवाय त्याला कारणही होतं. धाकटा गेल्यावर पोलिसांनी याला अकरा दिवस आत ठेवलं होतं, आणि बाहेर आला तेव्हा गिऱ्हाईक तुटलेलं होतं.

पेंटर हात पुसत म्हणाला की संशय येणारच, मलाही आला असता. नक्कल येते का, तर येते. मग त्याने पत्राची छायाप्रत हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

"हे नकलेचं काम नव्हे. नक्कल करणारा रंगवतो. हा माणूस लिहितोय."

भिंगवाल्यांना हे ठाऊकच होतं, तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. ते म्हणाले, लिहितोय खरा, आणि हे अक्षर तुमच्या मित्राचं आहे.

पेंटर हसला. नंतर त्याच्या लक्षात आलं की समोरचा थट्टा करत नाही.

त्याने सांगितलं की धाकटा लिहायचाच नाही. अक्षरं त्याच्या डोळ्यापुढे नाचायची. वाचायचा कसाबसा, ऐकलेलं मात्र सगळं लक्षात ठेवायचा. लिहायला बसला की उकार उलटे, काना एकीकडे, अक्षर दुसरीकडे. शाळा सुटल्यावर तो पेंटरकडे मदतीला यायचा, पण ब्रश धरायला नाही, शिडी धरायला. एकदा हौसेने एका पाटीमागे त्याने दोघांची नावं लिहिली होती. पेंटरने खोलीच्या टोकाला जाऊन ती पाटी शोधून आणली आणि उलटी केली.

लहानमोठी, धडपडत उभी राहिलेली अक्षरं. एक उकार उलट्या बाजूला वळलेला.

भिंगवाल्यांनी भिंग काढलंच नाही. असला उकार त्यांनी आधी पाहिलेला होता. काल पाहिला होता, आणि पाच वर्षांपूर्वीही. वहीच्या कव्हरवर.

"मग याच्या वह्या लिहायचं कोण?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

पेंटर म्हणाला, "कोण म्हणजे? ताई. दुसरं कोण लिहिणार?"

५

शाळा सुटून गेली होती. व्हरांड्यात शिपाई बाकं ओढत होता. ताई वर्गात एकटीच होती आणि फळा पुसायला डस्टर उचलत होती. फळ्यावर नदीच्या प्रवासाचा धडा उतरवलेला होता. सगळ्या वेलांट्या ओळीच्या वर उडी मारून किंचित मागे वळलेल्या.

"राहू द्या ताई, पुसू नका," भिंगवाले दारातून म्हणाले.

तिने डस्टर खाली ठेवलं. ती दचकली नाही. मुलांच्या बाकावर बसली आणि समोरच्या बाकाकडे बोट केलं. भिंगवाले अंग चोरून त्या लहानशा बाकावर बसले.

तिने सांगायला सुरुवात केली ती फार मागून. धाकट्याचे मास्तर छड्या मारायचे, म्हणून तिसरीपासून ती त्याचा गृहपाठ लिहायला लागली. तो बोलायचा, ती लिहायची. कव्हरवर नाव मात्र तोच घालायचा. तेवढं माझं मला लिहू दे, म्हणायचा.

पुढे तो गेला. वर्ष उलटलं तरी निरोप नाही. लोक म्हणाले मेला, तिलाही तसंच वाटलं. मग नोटीस आली, तीस दिवसांत उत्तर द्या. नोटीस घेऊन आलेल्या माणसाने जाता जाता सांगितलं की उत्तर आलं नाही, तर घरातल्या सगळ्यांचीच कागदपत्रं नव्याने तपासायला घेतील. आई तिच्या लहानपणी पलीकडून आलेली, तिच्याकडे जुना कागद एकही नव्हता. ताईची मुलगी चाळीस दिवसांची होती आणि तिच्या जन्माची नोंद अडकवून ठेवलेली होती. त्याने स्वतःच कबूल केलं तर मात्र प्रकरण त्याच्यापाशीच मिटेल, असं तो माणूस म्हणाला होता.

"मेलेल्याला देश कशाला लागतो, असं मी स्वतःला सांगितलं," ताई म्हणाली. "दुपारी आई झोपली होती. मांडीवर मुलगी होती. नेहमीसारखंच त्याच्या वतीने लिहून टाकलं."

पोलीस नमुना मागायला आले, तेव्हा तिने समजून उमजूनच ती वही दिली. दुसरं त्याच्या हातचं काही दिलं असतं तर पत्र उघडं पडलं असतं. नवऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

भिंगवाले उठायला लागले तर ती म्हणाली, अजून आहे. आदेश निघाल्यावर दोन महिन्यांनी एका ट्रक ड्रायव्हरने निरोप आणला होता. धाकटा जिवंत आहे, हात गेलाय, टोळी सोडलीय. आईला सांगा, असंही होतं त्यात. तिने आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई त्याला परत आणायला उठली असती, आणि मग पत्राचं काय? आई मुलाचं सुतक मनात धरूनच गेली.

"पत्र लिहिलं त्याची लाज एकवेळ गिळली असती. ही गिळता येत नाही."

भिंगवाल्यांना वाटलं, इथे आपणही काही बोलायला हवं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण ते बोलले नाहीत. सुनावणीला याल का, एवढंच विचारलं. ती हो म्हणाली.

बाहेर पडताच वकीलबाईंचा फोन आला. त्या फाटकापाशी होत्या. पेंटरकडून निघताना भिंगवाल्यांनी फोनवर जे सांगितलं ते त्यांनी धाकट्याला कळवलं होतं, आणि आता तो म्हणत होता की पत्र त्यानेच लिहिलं.

६

भिंगवाले त्याला पहिल्यांदा पाहत होते. फायलीतल्या धूसर फोटोपेक्षा तो बराच बारीक होता. पत्र्याच्या खोलीत एक खाट, एक बादली आणि पाण्याच्या कॅनचं केलेलं स्टूल. तो उठून उभा राहिला आणि स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

तो शांतपणे म्हणाला की डाव्या हाताने लिहिलं होतं, ताईचा संबंध नाही. लिहून दाखवा, असं भिंगवाले म्हणाल्यावर त्याने नकार दिला. वकीलबाई त्याला समजावून थकल्या होत्या. पत्र त्याचं ठरलं तर आदेश पक्का आणि तो जन्मभर या पट्टीवर. ताईचं ठरलं तर आदेश रद्द, पण ताईवर खटला, नोकरी गेली.

"तुम्ही शस्त्र उचललं नव्हतं का?" भिंगवाल्यांनी विचारलं.

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. चार महिने बंदूक चालवली, म्हणाला. पलीकडे काम शोधायला गेला, तिथे लोकांनी सांगितलं की तुझ्या आईसारख्यांना तुझं सरकार माणसात धरत नाही. ते सगळंच खोटं नव्हतं, म्हणून तर राग आला. दोन वेळा ट्रकच्या तांड्यावर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या वेळी कोणीतरी केबिनमधून खाली पडताना शिवी दिली. आपल्या भाषेतली, लहानपणी वसाहतीत रोज ऐकलेली. त्या रात्रीनंतर बंदूक उचलवली नाही. पुढच्या आठवड्यात बॉम्ब हलवायला लावले, त्यातला एक हातातच फुटला. बरा झाल्यावर एका गॅरेजमध्ये टायर काढत राहिला. आई गेल्याचं उशिरा कळलं. तेव्हा ठरवलं, परत जायचं. सुटण्यासाठी नाही. खटला व्हायचा तो घरी व्हावा.

तो तांडा कुठल्या रस्त्यावर होता, असं भिंगवाल्यांनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज बदलला, हे वकीलबाईंच्या लक्षात आलं. धाकट्याने रस्ता सांगितला. तो वेगळा होता. भिंगवाल्यांना हायसं वाटलं की वाईट, त्यांचं त्यांनाच कळेना.

"तुम्ही खोटं सांगितलंत तर मलाही पुन्हा खोटंच लिहावं लागेल," ते म्हणाले.

"लिहा की," धाकटा म्हणाला. "तुम्हाला सवय असेल."

त्याला काहीच माहीत नव्हतं. रागाच्या भरात बोलून गेला होता. पण भिंगवाले स्टूलवर बसल्या जागी असे वाकले, जणू कोणी पाठीत बुक्की मारली.

७

लवादाची खोली लहान होती. तीन सदस्य, सरकारी वकील, वकीलबाई, मागच्या बाकावर ताई आणि तिच्यापासून हातभर अंतरावर तिचा नवरा. आदल्या दिवशी तिने त्याला सगळं सांगितलं होतं. तो आला होता, पण बोलत नव्हता.

धाकट्याचं निवेदन वाचून दाखवलं गेलं, पत्र मी लिहिलं. मग ताई उठली आणि म्हणाली, पत्र मी लिहिलं. अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले की एका पत्राला दोन धनी आजवर पाहिले नव्हते. त्यांनी भिंगवाल्यांना पुढे बोलावलं.

भिंगवाल्यांनी क्रमाने मांडलं. पत्र नक्कल नाही, कारण रेघ कुठेही थबकत नाही. पत्र आणि वहीची पानं एकाच हाताची. पत्राच्या तारखेला धाकट्याचा लिहिता हात नव्हता, म्हणजे वहीची पानंही त्याची नव्हेत. डाव्या हाताने सात महिन्यांत असं झरझर लिहिणं, तेही अक्षरं नाचणाऱ्या माणसाने, शक्य नाही. पेंटरच्या पाटीवरचं आणि वहीच्या कव्हरवरचं नाव त्याच्या हातचं, आतलं लेखन ताईचं. शाळेतून त्या साली ताईने भरलेली हजेरीपटाची पानं आणली होती, ती त्यांनी पत्राशेजारी ठेवली. वेलांटी पाहायला सदस्यांना भिंग लागलं नाही.

सरकारी वकील उठले. ते भिंगवाल्यांना जुने ओळखत होते, आणि त्यांनी बाहेर पडायचा दरवाजा उघडूनच प्रश्न विचारला. नमुना म्हणून चुकीची वही दिली गेली, म्हणजे तुमचीही फसवणूकच झाली, नाही का? होकार दिला की काम भागणार होतं. तो खोटाही ठरला नसता.

भिंगवाल्यांनी कठड्यावर हात ठेवले.

"कव्हरवरचं अक्षर वेगळं आहे, हे मी तेव्हाच पाहिलं होतं," ते म्हणाले.

त्यांनी सांगितलं की नियमाने दुसरा नमुना मागायला हवा होता, अधिकाऱ्यासमोर भरलेला एखादा फॉर्म. मागितला असता तर हे तेव्हाच उघड झालं असतं. त्याच्या आदल्या साली त्यांचा भाचा, बहिणीचा एकुलता एक, फौजेच्या ट्रकांवर याच टोळीने केलेल्या हल्ल्यात मारला गेला होता. त्याचं वर्षश्राद्ध उरकून ते कामावर गेले आणि टेबलावर ही फाइल होती. कव्हर पाहिलं आणि उलटलं. हा माणूस दोषी निघावा अशी त्यांची इच्छा होती.

"मला कोणी फसवलं नाही. मला जे हवं होतं तेवढंच मी पाहिलं."

ताईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. वर्गात त्या बाकावर बसून हा माणूस आपलं सगळं ऐकून घेत होता आणि स्वतःचं गिळून गेला, हे तिला तेव्हा कळलं असावं. भिंगवाल्यांना ती नजर अध्यक्षांच्या प्रश्नांपेक्षा जड गेली.

निकाल चार दिवसांनी आला. खोट्या पत्रावर काढलेला आदेश पहिल्यापासूनच रद्द. शस्त्र उचलल्याबद्दल त्या माणसावर इथे, इथल्या कायद्याने खटला चालावा. ताईवर बनावट कागदाचा गुन्हा, निलंबन. आणि भिंगवाल्यांनी शेवटच्या आठ वर्षांत दिलेले एकशे त्रेचाळीस अहवाल फेरतपासणीला घ्यावेत.

तो निकाल वर्तमानपत्रात आला त्या दिवशी त्यांच्या बहिणीचा फोन आला. भाच्याची आई.

"दादा, माझ्या लेकाचं नाव त्या कागदात नव्हतं ना रे?"

"नाव नव्हतं," भिंगवाले म्हणाले.

"पण होता की तो त्यात," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

८

अटक करायची होती म्हणून पोलीस सकाळी फाटकावर आले. एक फौजदार आणि एक हवालदार. वकीलबाई होत्या. भिंगवाले बोलावलेले नसताना आले होते आणि जरा बाजूला उभे होते. ताई आली नव्हती. नवऱ्याने डबा पाठवला होता, चिठ्ठीशिवाय.

फाटकाची आडवी दांडी वर गेली. धाकटा पिशवी खांद्याला लावून चालत आला आणि पांढरा पट्टा ओलांडताना क्षणभर थांबला. थांब म्हणणारं कोणी नव्हतं. तो पुढे आला.

भिंगवाल्यांनी त्याला गाठलं. माफी मागायचे शब्द त्यांनी रात्रभर जुळवले होते. तोंडातून निघालं ते एवढंच की कव्हर मी पाहिलं होतं. धाकटा म्हणाला, वकीलबाईंनी सांगितलं. मग म्हणाला की केबिनमधून पडला तो माणूस कोण होता, हे मी कधी शोधलं नाही. शोधता आलं असतं.

हवालदाराने चौकीच्या टेबलावर अटकेचा फॉर्म पसरला आणि एकेक रकाना मोठ्याने वाचत भरायला घेतला. नाव. वडिलांचं नाव. वय. राहणार. धाकटा उत्तरं देत गेला, सरळ, नजर न चुकवता. एवढ्या दिवसांत त्याने कोणापुढे मान खाली घातलेली नव्हती, ना वकीलबाईंपुढे, ना चौकीतल्या शिपायांपुढे.

"राष्ट्रीयत्व," हवालदार म्हणाला आणि त्याचं पेन थांबलं. त्याने धाकट्याकडे पाहिलं. हवालदाराने फौजदाराकडे पाहिलं. "साहेब, इथे काय लिहू?"

फौजदार फाटकाकडे पाठ करून पाणी पीत होते. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं.

"लिही की," ते म्हणाले. "आपलाच आहे."

हवालदार लिहायला लागला. धाकट्याची मान तेव्हा खाली गेली, आणि सगळे रकाने भरून होईपर्यंत ती वर आली नाही.